साखरेच्या भांड्यात सोमल

रात्रीच्या जेवणाला कोकराचं मटण होतं, नवे बटाटे होते, मटार होते. शेवटी ब्लॅकबेरी आल्या आणि ज्यानं त्यानं आपल्या आवडीप्रमाणे त्यांवर साखर भुरभुरून घेतली. साखरेत सोमल होता. घराचे मालक जॉन ब्लॅकवुड, त्यांची पत्नी, दहा वर्षांचा मुलगा थॉमस आणि भावजय डोरोथी असे चौघे त्या जेवणानं गेले. जॉनचे भाऊ ज्युलियन वाचले, पण कायमचे अपंग होऊन. थोरली मुलगी कॉन्स्टन्स २२ वर्षांची. ती फळांवर साखर घेतच नसे. धाकटी मेरी कॅथरिन, घरातली मेरिकॅट, १२ वर्षांची. काहीतरी आगळीक केली म्हणून तिला त्या रात्री न जेवता माडीवर पाठवलेलं होतं. स्वयंपाक कॉन्स्टन्सचा. पोलीस यायच्या आत साखरेचं भांडं घासून ठेवणारीही कॉन्स्टन्सच. भांड्यात कोळी दिसला म्हणून घासलं, असं ती म्हणाली. खटला उभा राहिला आणि ती निर्दोष सुटली.

शर्ली जॅक्सन या अमेरिकी लेखिकेची ‘वी हॅव ऑल्वेज लिव्ह्ड इन द कॅसल’ ही कादंबरी १९६२ साली प्रसिद्ध झाली, आणि ती सुरू होते या जेवणाला सहा वर्षं उलटून गेल्यावर. गावाबाहेरच्या भल्यामोठ्या घरात आता दोघी बहिणी, चाकाच्या खुर्चीतले ज्युलियनकाका आणि जोनास नावाचा बोका एवढेच राहतात. कॉन्स्टन्स बागेच्या पलीकडे पाऊल टाकत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी मेरिकॅट किराणा आणि वाचनालयातली पुस्तकं आणायला गावात जाते. तेवढाच काय तो बाहेरच्या जगाशी संबंध.

खून कुणी केला हे मी पुढं सांगून टाकणार आहे. रहस्यकथेच्या बाबतीत हा अपराध ठरेल, पण ही रहस्यकथा नाही, गॉथिक कादंबरी आहे. लक्ष देऊन वाचणाऱ्याला ते पुस्तकाच्या मध्यापर्यंत कळलेलंच असतं, आणि ते लपवण्याची लेखिकेलाही फारशी निकड दिसत नाही.

कौटुंबिक गुपितावरच गॉथिक कादंबरी पहिल्यापासून उभी आहे. होरेस वॉलपोलनं १७६४च्या नाताळात ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ छापली तेव्हा त्यानं स्वतःचं नावसुद्धा लपवलं होतं. एका जुन्या इटालियन हस्तलिखिताचं हे भाषांतर आहे, अशी बतावणी केली. पुस्तक खपलं, मग दुसऱ्या आवृत्तीत त्यानं कबुली दिली आणि ‘गॉथिक कथा’ असं उपशीर्षक जोडलं. कथेत लग्नाच्या दिवशी एक अजस्र शिरस्त्राण वरून कोसळतं आणि नवरदेव त्याखाली चिरडून मरतो. आज वाचताना हसूच येतं. पण त्यामागचं कारण हसण्यासारखं नाही. नवरदेवाच्या पणजोबानं किल्ल्याच्या खऱ्या धन्याला विष घालून गादी बळकावलेली असते, आणि त्याची फेड चौथ्या पिढीच्या माथी येते.

पुढच्या पावणेदोनशे वर्षांत किल्ल्याच्या जागी जहागीरदाराचा वाडा आला, भुतांच्या जागी नोकरांची कुजबुज आली, पण साचा टिकला. बाहेरून एक तरुण मुलगी येते. घरात एक दबदबा असलेला पुरुष असतो आणि एक दार कायम बंद असतं. अ‍ॅन रॅडक्लिफच्या ‘मिस्टरीज ऑफ उडोल्फो’मध्ये (१७९४) दाराऐवजी काळा पडदा आहे, नायिका तो बाजूला करते, मूर्च्छित पडते, आणि तिनं काय पाहिलं हे वाचकाला शेकडो पानांनी कळतं. निघतो तो मेणाचा पुतळा! शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’मध्ये (१८४७) माळ्यावर कोंडलेली पहिली बायको आहे. डॅफ्नी द्यू मॉरियरच्या ‘रिबेका’मध्ये (१९३८) पहिली बायको मेलेली आहे, पण घरावर सत्ता तिचीच. शेवटही ठरल्यासारखा: गुपित फुटतं, घराला आग लागते, मुलगी बाहेर पडते. ‘जेन एअर’मधलं थॉर्नफिल्ड जळतं, ‘रिबेका’मधलं मँडरली जळतं. वाचक सगळा वेळ त्या मुलीच्या मागेमागे असतो, कारण तिच्याइतकंच त्यालाही काही माहीत नसतं.

जॅक्सननं हा साचा उलटा घातला. तिच्या कादंबरीत बाहेरून येणारी निष्पाप मुलगी नाहीच. गोष्ट सांगते ती बंद दाराच्या आतली व्यक्ती. थॉर्नफिल्डच्या माळ्यावरल्या बर्थानं स्वतःच बोलायला सुरुवात करावी, तसं हे झालं. (योगायोग असा की त्या बर्थाची गोष्ट जीन ऱ्हिसनं ‘वाइड सार्गासो सी’ या कादंबरीत लिहिली, तीही याच दशकात, १९६६ साली.) आणि आतल्या माणसाला गुपित माहीतच असतं. त्यामुळे ‘काय दडलंय’ हा प्रश्न मागे पडतो. हे दडवून ही माणसं रोज सकाळी उठतात कशी, चहा कसा पितात, एकमेकांशी बोलतात काय, हे कळायला आपण पानं उलटत राहतो.

मेरिकॅट १८ वर्षांची आहे, पण बोलते १२ वर्षांच्या मुलीसारखी. जेवण झालं त्या रात्रीच तिचं वय थांबलं असावं. पहिल्याच परिच्छेदात ती आपली ओळख करून देते, आवडीनिवडी सांगते, त्यांत बहिणीच्या जोडीला एका जीवघेण्या विषारी अळंबीचं नाव घेते आणि बाकीचं कुटुंब मेलं आहे हे पत्ता सांगावा इतक्या सहज सांगून टाकते. गावातून चालताना ती मनातल्या मनात सोंगट्यांचा खेळ खेळते: रस्ता ओलांडला की एक घर पुढं, कुणी टोमणा मारला की डाव चुकला. घराच्या रक्षणासाठी तिनं जमिनीत चांदीची नाणी पुरली आहेत, बापाची वही झाडाला खिळ्यानं ठोकून ठेवली आहे. ती साधी वही नव्हे. कुणाकडून किती येणं आहे, कुणावर कसले उपकार आहेत, याच्या नोंदी जॉन ब्लॅकवुड तिच्यात ठेवत असे. सावकारी वृत्तीच्या बापाचा हिशेबच पोरीनं घराचा ताईत करून टाकला. ती वही झाडावरून गळून पडते आणि मग घरावर संकट येतं; मेरिकॅटच्या दृष्टीनं यात कार्यकारणाचा साधा संबंध आहे.

तिच्या बोलण्यात एक पालुपद आहे. मला अमुक करायला परवानगी नाही. सुरीला हात लावायची परवानगी नाही. स्वयंपाक करायची नाही. काकांच्या खोलीत जायची नाही. पहिल्यांदा वाचताना हे लाडावलेल्या धाकट्या बहिणीचे नियम वाटतात. पुस्तक संपवून पुन्हा पहिल्या पानावर आलं की अंगावर काटा येतो. नियम कॉन्स्टन्सचे आहेत. बहिणीनं काय केलं ते तिला पक्कं माहीत आहे, त्याबद्दल तिनं सहा वर्षांत चकार शब्द काढलेला नाही, फक्त सुऱ्या आणि अन्न तिच्या हातापासून दूर ठेवलं आहे. वैद्यकीय परिभाषेत याला कदाचित काही नाव असेल. मला ती थोरल्या बहिणीची माया वाटते आणि भीतीही वाटते, आणि दोन्ही वेगळ्या काढता येत नाहीत.

कॉन्स्टन्सचं राज्य स्वयंपाकघरात. जुन्या गॉथिक कादंबऱ्यांत तळघरात कैदी असत, हाडं असत. ब्लॅकवुडांच्या तळघरात बरण्या आहेत: त्या घरात आलेल्या सगळ्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या घातलेले मुरंबे, लोणची, साठवणीतली फळं आणि भाज्या, ओळीनं मांडलेली. कॉन्स्टन्स त्यांत आपली भर घालते. जुन्या बरण्यांना कुणी हात लावत नाही, त्यांतलं खाल्लं तर जीव जाईल. घराण्याच्या पुरुषांचा इतिहास तिजोरीत आणि वहीत. बायकांचा असा बरण्यांत, रंगीत, देखणा आणि खाण्याजोगा न राहिलेला. संपूर्ण पुस्तकात मला यापेक्षा भयंकर जागा सापडली नाही, आणि ती जॅक्सन जाता जाता लिहून मोकळी होते.

विषही तिनं विचारपूर्वक निवडलेलं दिसतं. सोमल म्हणजे आर्सेनिकचा ऑक्साइड: पांढरी भुकटी, जवळजवळ बेचव, साखरेत किंवा पिठात मिसळली तर डोळ्यांना कळत नाही. उंदीर मारायला तो घरोघरी असे. लक्षणं उलट्या-जुलाबांची, म्हणजे पटकीसारखी, त्यामुळे संशयही यायचा नाही. फ्रेंच लोक त्याला वारशाची पूड म्हणत. १८३६ मध्ये जेम्स मार्श या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं प्रेतातला अगदी थोडा सोमलही ओळखता येईल अशी चाचणी शोधली. १८५१ मध्ये इंग्लंडनं कायदा केला की किरकोळ विक्रीच्या सोमलात काजळी किंवा नीळ मिसळावी, म्हणजे तो साखरेसारखा दिसणार नाही. तरी १८५८ मध्ये ब्रॅडफर्ड शहरात गोळ्या बनवणाऱ्याला स्वस्त भेसळीची पूड म्हणून चुकून सोमल विकला गेला आणि त्या गोळ्या खाऊन सुमारे २० माणसं दगावली. गोड पदार्थ आणि सोमल ही जोडी अशी जुनी आहे. विष घालायला ताकद लागत नाही, घरात वावर लागतो. म्हणून घरात कुणी असं मेलं की पहिली नजर चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईकडे वळते.

ज्युलियनकाका हे कादंबरीतलं सर्वांत मजेशीर पात्र. त्या एका दिवसाचा साद्यंत वृत्तांत लिहिणं हे त्यांनी आयुष्याचं काम मानलं आहे. कोण कुठं बसलं होतं, कोण काय बोललं, नाश्त्याला काय होतं, असे कागदावर कागद साठलेत. ते घरचे इतिहासकार, आणि सगळ्या इतिहासकारांप्रमाणे कागदांत बुडालेले असताना समोरचं त्यांना दिसत नाही. मेरिकॅट खटल्याच्या काळात अनाथाश्रमात मेली अशी त्यांची ठाम समजूत आहे. ती त्याच घरात वावरते, त्याच टेबलाशी जेवते, आणि काका तिच्या देखत सांगतात की धाकटी पुतणी केव्हाच वारली. खुन्याचा पत्ता ज्याला हवा, त्याच्या लेखी खुनी अस्तित्वातच नाही.

याच काकांमुळे पुस्तकातला सर्वांत विनोदी प्रसंग घडतो. हेलन क्लार्क नावाची जुनी ओळखीची बाई दर शुक्रवारी चहाला येते. एकदा ती सोबत मिसेस राइट यांना आणते. मिसेस राइट घाबरलेल्या आहेत, पण उत्सुकता आवरत नाही. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणजे काय ते इथं बघावं. त्या काकांना एकेक प्रश्न विचारत जातात, काका उत्साहानं त्यांना प्रत्यक्ष जेवणघर दाखवायला नेतात, आणि इकडं मेरिकॅट शिष्टाचाराला धरून पाहुण्यांपुढं साखर करते. जॅक्सन भय आणि हसू एकाच वाक्यात बसवते ते असं.

साचा उलटा घातल्यावर खलनायकाचंही काम बदलतं. चुलतभाऊ चार्ल्स अचानक दाराशी येतो. चेहरा हुबेहूब जॉन ब्लॅकवुडसारखा. बघता बघता तो बापाच्या खुर्चीत बसतो, बापाच्या खोलीत झोपतो, बापाच्या वस्तू वापरतो आणि तिजोरीबद्दल चौकशी करतो. कॉन्स्टन्सला पटू लागतं की आपण आयुष्य फुकट घालवलं, बाहेर पडायला हवं. एखाद्या साध्या कादंबरीत चार्ल्सच नायक झाला असता: कोंडलेल्या मुलीला सोडवणारा. इथं तो घरधनी पुरुषाची दुसरी आवृत्ती आहे. मेरिकॅटनं पहिली आवृत्ती का संपवली याचं कारण जॅक्सन कुठंही देत नाही. फक्त एकदा, पडक्या लताकुंजात बसून मेरिकॅट मेलेल्या कुटुंबाला मनानंच पुन्हा जेवणाच्या टेबलाभोवती बसवते आणि आई, बाप, भाऊ सगळे एकमेकांना बजावू लागतात की आपल्या लाडक्या मेरिकॅटला कधीही शिक्षा होता कामा नये, तिचं सगळं ऐकलं पाहिजे. त्या एका पानावरून तिच्या बालपणाचा अंदाज ज्याचा त्यानं करायचा. काहींनी त्यात अत्याचार वाचला आहे. मला तेवढा पुरावा दिसत नाही. न जेवता झोपायला पाठवलेल्या मुलीचा अमर्याद राग तेवढा दिसतो, आणि तो पुरेसा आहे.

मेरिकॅट चार्ल्सचा पेटता पाइप कागदांच्या टोपलीत ढकलून देते. आग लागते, गाव धावून येतं. अग्निशामक पथकाचा प्रमुख जिम डोनेल आधी आग विझवतो. मग डोक्यावरची टोपी काढतो, खाली वाकतो आणि पहिला दगड भिरकावतो. त्यामागून सगळं गाव घरात घुसून काचा, भांडी, फर्निचर फोडत सुटतं. चार्ल्स ओरडत असतो तो तिजोरीसाठी. त्या गोंधळात ज्युलियनकाका मरतात.

गावाचा राग काही खुनांपुरता नाही. ब्लॅकवुड श्रीमंत, गाव गरीब. आईला घरासमोरून माणसं गेलेली आवडत नसत म्हणून बापानं गावकऱ्यांची जवळची वाट कुंपण घालून बंद केली होती. खटल्यानं त्या जुन्या आकसाला फक्त निमित्त दिलं. वाचताना मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हरची हमखास आठवण होते. तिथं १८९२ मध्ये लिझी बोर्डनच्या बापाचा आणि सावत्र आईचा कुऱ्हाडीनं खून झाला. लिझीवर खटला चालला, १८९३ मध्ये ती सुटली, आणि थोरली बहीण एमा हिच्यासह त्याच गावात मोठं घर घेऊन राहिली. गावानं वाळीत टाकलं, पोरांनी तिच्यावर गाणं रचलं. कादंबरीतल्या पोरांच्या तोंडीही मेरिकॅटला चिडवणारं असंच एक गाणं आहे. १९०५ मध्ये एमा घर सोडून गेली. जॅक्सनची कॉन्स्टन्स मात्र जात नाही.

आगीच्या रात्री दोघी रानात लपतात. मेरिकॅट म्हणते, या सगळ्या गावाच्या अन्नात मी विष घालीन. कॉन्स्टन्स विचारते, मागच्या वेळेसारखं? मेरिकॅट हो म्हणते. सहा वर्षांचं गुपित असं दोन वाक्यांत उच्चारलं जातं, तेही झोपेला आलेल्या स्वरात. ना किंकाळी, ना पश्चात्ताप. पुढं केव्हातरी, जळक्या घराच्या स्वयंपाकघरात, विषासाठी साखरच का निवडली याचाही उलगडा होतो: कॉन्स्टन्स साखर खात नाही हे मेरिकॅटला ठाऊक होतं. म्हणजे चार खुनांच्या मुळाशी एकीला वाचवण्याची काळजी होती. आणि कॉन्स्टन्सनं भांडं घासलं, तुरुंग पत्करला, मेली ती माणसं त्याच लायकीची होती असं पोलिसांना सांगितलं, तेही एकीला वाचवायलाच. दोघींचं नातं त्या साखरेच्या भांड्यावर बांधलेलं आहे.

आपल्याकडंही या घराण्याची चुलत भावंडं आहेत. नारायण धारपांच्या कथांतली घरं, राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मधला (२०१८) साखळदंडात ठेवलेल्या म्हातारीचा वाडा, झी मराठीवरच्या ‘रात्रीस खेळ चाले’मधलं (२०१६) अण्णा नाईकांच्या मृत्यूनंतर एकत्र जमलेलं कोकणातलं कुटुंब: सगळीकडं झाकली मूठ आहे. पण आपल्या भयकथेत गुपित बहुधा धनाचं किंवा बापाच्या पापाचं असतं आणि ते उघडं करायला कुणीतरी बाहेरचं, मेलेलं किंवा अमानवी, यावं लागतं. जॅक्सनला भुताची गरज भासली नाही. भूत म्हणून तिनं जिवंत मुलगी बसवली आहे.

आगीत छप्पर जळून गेल्यावर घर आभाळाकडं उघडं पडतं आणि पडक्या बुरुजासारखं दिसू लागतं. शीर्षकातला किल्ला असा शेवटी तयार होतो. बहिणी स्वयंपाकघर आवरतात, कान शाबूत असलेले दोन कप शोधून काढतात, खिडक्या बंद करतात. कपडे जळाल्यामुळं कॉन्स्टन्स काकांचे कपडे वापरते, मेरिकॅट टेबलावरचं कापड पांघरते. गावकरी ओशाळतात आणि अंधार पडल्यावर गुपचूप दारात अन्न ठेवू लागतात: कोंबडी, पाई, आणि फोडलेल्या खुर्चीबद्दल माफी मागणारी चिठ्ठी. माफीत भीतीचाही वाटा आहे. लेकरांना सांगितलं जातं, त्या पायऱ्यांवर चढू नका, आतल्या बाया पोरं खातात. नैवेद्य, दंतकथा, सगळं जमून येतं; गावाला चेटकिणी मिळतात आणि चेटकिणींना रोजचं जेवण. मेरिकॅट म्हणते, आम्ही फार सुखात आहोत. तिचं खरं आहे. कॉन्स्टन्सचं काय, हे विचारायला कुणी उरलेलं नसतं.

हे सगळं लिहिणाऱ्या बाईचा संसार चार मुलांचा होता. जॅक्सन व्हरमाँटमधल्या नॉर्थ बेनिंग्टन या लहान गावात राहायची. नवरा स्टॅनली एडगर हायमन टीकाकार आणि बेनिंग्टन कॉलेजात प्राध्यापक, धर्मानं ज्यू. गावात ही दोघं उपरीच राहिली. दगडांनी ठेचून मारण्याच्या गावजत्रेची तिची ‘द लॉटरी’ ही कथा १९४८ मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये आली आणि संतापलेल्या वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला. त्याच लेखणीनं ती महिलांच्या मासिकांत मुलाबाळांचे, सांडलवंडीचे खुसखुशीत लेख लिहून घर चालवत होती. ‘कॅसल’चं कौतुक झालं, ‘टाइम’नं तिला त्या वर्षीच्या दहा उत्तम कादंबऱ्यांत घेतलं. आईनं पत्र पाठवलं ते मासिकात छापलेला फोटो किती वाईट आलाय याबद्दल. त्यानंतरचे कित्येक महिने जॅक्सनला घराचा उंबरा ओलांडता येईना. बाहेर पडायच्या कल्पनेनंच घाबरगुंडी उडे. कॉन्स्टन्सचा आजार लेखिकेला जडला, की लेखिकेचाच आधी कॉन्स्टन्सला दिला होता, हे ठरवणं अवघड आहे.

उपचारांनी ती हळूहळू सावरली, पुन्हा गाडी चालवू लागली, व्याख्यानांना जाऊ लागली. ऑगस्ट १९६५ मध्ये वयाच्या ४८व्या वर्षी झोपेत हृदय बंद पडून ती गेली, तेव्हा टेबलावर एक अर्धवट कादंबरी होती. हायमननं ती १९६८ मध्ये ‘कम अलाँग विथ मी’ या नावानं प्रसिद्ध केली. तिची नायिका चाळिशी उलटलेली, अंगानं भरलेली, तोंडाळ विधवा आहे. नवऱ्याला पुरल्यावर ती घर आणि सामानसुमान विकून टाकते, अनोळखी शहराची गाडी पकडते आणि तिथं भाड्याच्या खोलीत राहायला जाताना स्वतःला नवीन नाव घेते: मिसेस अँजेला मोटरमन.